परभाषेच्या शिक्षकाची शिदोरी

शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपले लेखक बहुधा आयोगांचे अहवाल, शासकीय ठराव आणि थोर पुरुषांची शिक्षणविषयक मते यांचा आधार घेतात. शाळेतील सामान्य शिक्षकाच्या मेजावर कोणती पुस्तके होती, दुसऱ्या दिवशीच्या पाठाची तयारी करताना रात्री त्याला शंका आली तर तो ती कोणाला विचारीत असे, हा प्रश्न या इतिहासात सहसा येत नाही. परकीय भाषा शिकविणाऱ्या शिक्षकाच्या बाबतीत मात्र तो टाळता येण्याजोगा नाही. मातृभाषा शिकविणाऱ्याला शंका आली तर तो आपल्या कानाला विचारतो. अमुक वाक्य मराठीत चालते की नाही, हे सांगण्यास त्याला ग्रंथ लागत नाही. परभाषेच्या शिक्षकाचा कान इतका विश्वासार्ह नसतो. ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ घालावे की नाही, ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ या शब्दांच्या आरंभीचा ध्वनी एकच आहे की दोन, ‘फर्निचर’चे अनेकवचन होते काय, असल्या प्रश्नांपुढे आपला मराठी शिक्षक थबकतो, आणि त्यात त्याचा कमीपणा नाही. तो स्वतःही त्या भाषेचा विद्यार्थीच असतो. वर्गातील मुलांपेक्षा तो काही वर्षे पुढे असतो, इतकेच.

म्हणून या शिक्षकाला बाहेरची शिदोरी लागते. कोश, उच्चारांची लिपी, शब्दांच्या याद्या, वाक्यरचनांचे तक्ते आणि समव्यवसायी मंडळींचे एखादे मासिक ही ती शिदोरी होय. आज या वस्तू मोठ्या प्रकाशनसंस्था आणि विद्यापीठे यांच्याकडून तयार होऊन येतात, त्यामुळे त्या प्रथमपासून तशाच येत असाव्यात असा आपला समज होतो. इतिहास निराळा आहे. यांपैकी बहुतेक साधने शाळांतील शिक्षकांनीच आपल्या अडचणीतून आणि पुष्कळदा आपल्याच वर्गणीतून निर्माण केली; पुढे ती मोठी झाली आणि एकेक करून शिक्षकाच्या हातून निघून गेली. या घडामोडीचा काही भाग येथे सांगावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील शाळांत परभाषा शिकविण्याची जी रीत होती, ती आपल्या पिढ्यान् पिढ्यांच्या परिचयाची आहे. व्याकरणाचा नियम, त्याखाली शब्दांची यादी, त्याखाली भाषांतरासाठी सुटी वाक्ये. आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने हीच रीत घरोघर नेली. या पाठमालेची थट्टा करण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. प्रस्तुत लेखकाला ती मान्य नाही. ज्या शिक्षकाने जन्मात इंग्रज माणसाचे बोलणे क्वचितच ऐकले आणि ज्याच्यापुढे पन्नास मुले बसली होती, त्याला प्रामाणिकपणे शिकविता येईल अशी तीच एक गोष्ट होती. त्याच्या जोडीला मोल्सवर्थ आणि कँडी यांचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश होता. हे ग्रंथ अजोडच. परंतु असा कोश शब्दाचा अर्थ सांगतो, तो शब्द वाक्यात कसा बसतो हे सांगत नाही. ही उणीव त्या काळच्या साऱ्या द्विभाषिक कोशांची होती.

या रीतीवर पहिला जाहीर प्रहार जर्मनीत झाला. १८८२ मध्ये विल्हेल्म व्हिएटोर यांनी भाषाशिक्षणाने आता मागे वळले पाहिजे, अशा अर्थाच्या शीर्षकाची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तीवर त्यांनी स्वतःचे नाव घातले नव्हते. कॅटिलाइनविरुद्धच्या सिसरोच्या भाषणाच्या आरंभीचे दोन लॅटिन शब्द, ‘क्वोउस्क्वे तांदेम’, म्हणजे ‘आणखी कोठवर’, हेच त्यांनी टोपणनाव म्हणून घेतले. शाळकरी मुलांवरील अभ्यासाचा बोजा हा तेव्हा जर्मनीत वादाचा विषय होता आणि पुस्तिकेच्या उपशीर्षकातही त्याचा उल्लेख होता. भाषा म्हणजे प्रथम ध्वनी, मग लेखन. सुटे शब्द आणि सुटी वाक्ये यांऐवजी सलग मजकूर. नियम पाठ करून उदाहरणांकडे न जाता उदाहरणांतून नियमाकडे जाणे, ही या चळवळीची सूत्रे होत. ती ऐकावयास सोपी होती. परंतु ध्वनीपासून आरंभ करा असे म्हटल्याबरोबर शाळामास्तरापुढे अडचण उभी राहिली. इंग्रजीचा किंवा फ्रेंचचा उच्चार कागदावर लिहावयाचा कसा? या दोन्ही भाषांचे लेखन उच्चाराशी किती फटकून वागते, हे त्या भाषा शिकलेल्यांस सांगावयास नको.

या अडचणीतून पॅरिसमध्ये एक लहानशी मंडळी एकत्र आली. तिचा प्रवर्तक पॉल पासी हा सत्तावीस वर्षांचा तरुण शिक्षक होता. त्याचे वडील फ्रेदेरिक पासी हे पुढे १९०१ मध्ये शांततेच्या पहिल्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. मुलाचे शिक्षण घरीच झाले होते, आणि इंग्रजी, जर्मन व इटालियन या भाषा तो लहानपणीच शिकला होता. सक्तीची लष्करी नोकरी टाळण्यासाठी दहा वर्षे सरकारी शाळांत शिकविण्याचा जो पर्याय त्या वेळी फ्रान्समध्ये होता तो त्याने पत्करला. बंदुकीऐवजी खडू हाती घेतलेल्या या गृहस्थाने १८८६ मध्ये उच्चारशास्त्राचा अवलंब करणाऱ्या शिक्षकांचे मंडळ स्थापले, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याचे मुखपत्र निघू लागले. मंडळाचे आणि पत्राचे नाव इंग्रजी होते, पण छापले होते उच्चारानुसारी लेखनात. नेहमीच्या इंग्रजी वाचकाला ते मुद्रणदोषांनी भरलेले वाटावे! आरंभी सभासद जेमतेम डझनभर होते.

मुखपत्र उच्चारानुसारी लिपीतच छापावयाचे, हा निर्णय विक्षिप्त वाटला तरी त्यात शिक्षकाची व्यवहारबुद्धी होती. सभासदाला प्रत्येक अंकात ध्वनिलिपी वाचण्याचा सराव आपोआप होई. आणि फ्रेंच माणसाने लिहिलेला मजकूर डॅनिश माणूस वाची तेव्हा लेखक कसा बोलतो हेही त्याला कळे. जो शिक्षक पॅरिसला किंवा लंडनला जाण्याइतका सधन नव्हता, त्याच्या घरी टपालाने परदेशचा आवाज येऊ लागला. ध्वनिमुद्रणाची यंत्रे शाळांपर्यंत पोहोचण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. डॅनिश भाषापंडित ओटो येस्पर्सन यांनी आरंभीच सुचविले होते की, दर भाषेला वेगळी लिपी न करता सर्व भाषांना चालेल अशी एकच वर्णमाला असावी. १८८८ मध्ये अशी वर्णमाला तिच्या तत्त्वांसह प्रसिद्ध झाली. आज जगातील कोशांत उच्चार दाखविण्यासाठी वापरली जाणारी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी ती हीच. तिचा जन्म भाषावैज्ञानिकाच्या प्रयोगशाळेत झाला नाही; शाळेत शिकविणाऱ्यांच्या मासिकात झाला.

येथे आपल्या वाचकांच्या मनात एक विचार येणे साहजिक आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशा उच्चारस्थानांच्या क्रमाने मांडलेली वर्णमाला आपली मुले पहिल्या यत्तेत म्हणतात. तेव्हा या युरोपीय मास्तरांनी नवे काय केले? हा विचार सर्वस्वी स्वाभिमानातून येतो असे नाही, त्याला इतिहासाचा आधार आहे. अमेरिकन संस्कृत पंडित व्हिटनी यांनी अथर्ववेदाचे प्रातिशाख्य इंग्रजी भाषांतरासह १८६२ मध्ये प्रसिद्ध केले होते आणि उच्चारांचा अभ्यास करणाऱ्या पाश्चात्त्य पंडितांत प्राचीन भारतीय वर्णनांची चर्चा त्यानंतर चांगलीच वाढली. लाहोर येथे काही वर्षे इंग्रजीचे प्राध्यापक असलेले जे. आर. फर्थ यांनी १९४६ मध्ये इंग्लंडमधील उच्चारशास्त्राच्या परंपरेविषयी लिहिताना भारतीय वैयाकरणांचे हे ऋण स्पष्टपणे मान्य केले आहे. तथापि हेही मान्य केले पाहिजे की, प्रातिशाख्यकारांचे ज्ञान आपल्याकडे वेदपाठशाळेत राहिले. इंग्रजी शाळेतील शिक्षकाने ते उचलून ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांतील भेद मुलांना दंतोष्ठ्य आणि ओष्ठ्य अशा परिभाषेत समजावून दिला असता तर त्याचे काम किती हलके झाले असते! देवनागरीत दोहोंनाही ‘व’ लिहून आपण मोकळे झालो.

पासीच्या मंडळींचे तत्त्व वर्गात चालते की नाही, याची परीक्षाही एका शिक्षकानेच घेतली. सायलेशियातील रायशेनबाख या गावी शिकविणाऱ्या हेर्मान क्लिंगहार्ट यांनी हेन्री स्वीट यांचे ध्वनिलिपीत छापलेले इंग्रजीचे प्राथमिक पुस्तक आपल्या वर्गात लावले. पहिले काही आठवडे मुलांकडून केवळ ध्वनींचा सराव करून घेतला, मग ध्वनिलिपीतील मजकूर, आणि रूढ इंग्रजी लेखन पुष्कळ उशिरा. या एका वर्षाच्या अनुभवाचे पुस्तक त्यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केले. परभाषेच्या शिक्षकाने आपल्या वर्गाची अशी तपशीलवार हकीकत लिहून इतरांपुढे ठेवणे ही त्या काळी नवी गोष्ट होती. पद्धतीच्या वादात दोन्ही बाजूंचे पंडित कंठरवाने बोलत असतात. वर्गात प्रत्यक्ष काय झाले ते सांगणारे थोडे. क्लिंगहार्ट यांचे पुस्तक त्या थोड्यांतले आहे.

मंडळ वाढले. १९१४ पर्यंत चाळीस देशांत मिळून त्याचे १७५१ सभासद झाले होते. पण या वाढीत एक बदल झाला. १८८९ मध्ये मंडळाने जे फ्रेंच नाव घेतले होते त्यात ‘जिवंत भाषांचे अध्यापक’ हे शब्द होते. १८९७ मध्ये नाव पुन्हा बदलून ‘आंतरराष्ट्रीय उच्चारशास्त्र मंडळ’ असे झाले आणि ‘अध्यापक’ हा शब्द गळून पडला. नाव बदलण्याचे कारण संस्थेची व्याप्ती वाढली हे होते आणि ते योग्यही असेल. परंतु त्यानंतर वर्णमालेतील भर बहुतांशी विद्यापीठांतील पंडितांच्या गरजेनुसार पडत गेली, आणि ज्या शाळामास्तराला आठ-दहा चिन्हे पुरली असती त्याच्यापुढे शेकडा चिन्हांचा तक्ता आला. मुखपत्राने मात्र आपले जुने नाव हट्टाने टिकविले. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘उच्चार शिकविणारा मास्तर’ असा होता, आणि १९७० च्या अखेरीपर्यंत ते ध्वनिलिपीतच छापले जात असे. १९७१ पासून ते साध्या लिपीत, संशोधनपत्रिकेच्या नावाने निघू लागले. मास्तर गेला आणि पत्रिका उरली.

युरोपातील शिक्षकापुढे उच्चाराचा प्रश्न उभा होता, तर त्यानंतर तीन-चार दशकांनी बंगालमधील शिक्षकापुढे शब्दांचा प्रश्न उभा राहिला. ढाका येथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम करणारे मायकेल वेस्ट यांनी १९२६ मध्ये बंगालमधील द्विभाषिकतेवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील एक कल्पना अशी आहे की ती वाचल्यावर शाळेकडे पाहण्याची दृष्टी बदलते. शाळेत इंग्रजी शिकू लागलेली बहुसंख्य मुले अभ्यासक्रम पुरा न करताच शाळा सोडतात, हे वेस्ट यांच्या लक्षात आले होते. विम्याची पॉलिसी मुदतीआधी सोडली तरी विमेदाराला काही रक्कम परत मिळते. तिला सरेंडर व्हॅल्यू म्हणतात. वेस्ट यांनी हाच शब्द शिक्षणाला लावला. तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी शाळा सोडणाऱ्या मुलाच्या हाती इंग्रजीचे काय उरते? व्याकरणाचे अर्धवट नियम आणि बोलण्याची चार वाक्ये; ती वर्षभरात विसरली जातात. त्याऐवजी प्रथम वाचता येऊ द्यावे, म्हणजे मुलगा कोठेही थांबला तरी त्याच्याजवळ थोडेफार वाचन उरेल. बंगाली भाषेत त्या वेळी ज्ञानविषयक ग्रंथ पुरेसे नव्हते, म्हणून इंग्रजी वाचनाची गरज आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बंगालीची जागा इंग्रजीने घ्यावी, असे मात्र त्यांना वाटत नव्हते.

त्यांनी प्रचलित वाचनमाला तपासल्या तेव्हा त्यांना आढळले की, पानापानाला नवे शब्द इतक्या दाटीने येतात की मुलाला ते पुन्हा भेटतच नाहीत, आणि त्यांतले कित्येक शब्द जुनाट व निरुपयोगी असतात. म्हणून त्यांनी नव्या वाचनमाला लिहिल्या. त्यांत नव्या शब्दांचे प्रमाण ठरावीक मर्यादेत ठेवले होते आणि आलेला शब्द पुनःपुन्हा येईल अशी योजना होती. याच विचाराचे फळ म्हणजे त्यांनी एंडिकॉट यांच्या सहकार्याने १९३५ मध्ये केलेला कोश. त्यात सुमारे चोवीस हजार शब्द व वाक्प्रचार यांचे अर्थ केवळ १४९० शब्दांत सांगितले होते. ज्याने कोश पाहिला आणि अर्थातच आणखी तीन अनोळखी शब्द पाहून तो मिटून ठेवला, त्यालाच या संख्येचे महत्त्व कळेल. कोशकाराने स्वतःवर इतके बंधन घालून घेणे ही मास्तराचीच बुद्धी होय. पंडिताला ते सुचले नसते. पुढे १९३४ आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्क व लंडन येथे शब्दनिवडीविषयी तज्ज्ञांच्या परिषदा झाल्या, आणि त्या परंपरेतील शब्दयादी १९५३ मध्ये वेस्ट यांच्या संपादनाखाली बाहेर पडली. तिच्यात सुमारे दोन हजार शब्द होते. शाळेच्या क्रमिक पुस्तकांवर तिचा परिणाम दीर्घकाळ होत राहिला.

वेस्ट यांच्या मताला आक्षेपही पुष्कळ घेतले गेले. मूल बोलल्यावाचून वाचावयास शिकते काय, हा एक; आणि वसाहतीतल्या मुलाने वाचावे पण बोलू नये, यात काही राजकीय सोय तर नाही ना, हा दुसरा. दुसऱ्या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणवत नाही. तरीही आपण आपल्या प्रांताकडे पाहावे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजीचे शिक्षण आठवीपासून सुरू करण्याचे धोरण स्वीकारले गेले. २००० मध्ये महाराष्ट्राने ते पहिलीपासून सुरू केले. या दोन टोकांच्या मधल्या पन्नास वर्षांत किती वाद झाले! इंग्रजी केव्हा सुरू करावयाचे यावर सारे बोलले. मध्येच शाळा सोडणाऱ्या मुलाच्या हाती काय राहील, असा वेस्ट यांचा प्रश्न त्या वादात फारसा ऐकू आला नाही.

ढाक्यात हे चालले असतानाच टोकियोत आणखी एक उद्योग उभा राहत होता. त्याचा नायक हॅरल्ड पामर यांची कथा सुरू होते बेल्जियममधील व्हर्व्हिए या गावी. लंडनमध्ये जन्मलेला हा माणूस १९०२ पासून तेथे भाषा शिकवीत होता. १९१४ मध्ये जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरले आणि पामर यांना सर्व सोडून इंग्लंडला परतावे लागले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांना शिकविण्याची संधी मिळाली. तेथून १९२२ मध्ये जपानी शिक्षणतज्ज्ञ सावायानागी यांच्या निमंत्रणावरून ते जपानला गेले आणि १९२३ मध्ये इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी टोकियोत एक संस्था स्थापन झाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात टोकियो भूकंपाने आणि आगीने उद्ध्वस्त झाले. संस्था टिकली, एवढेच नव्हे तर त्याच वर्षी सुरू झालेले तिचे मुखपत्रही चालू राहिले. जपानच्या दूरदूरच्या माध्यमिक शाळांतील शिक्षक ते वाचीत. दरवर्षी ते संमेलनाला जमत आणि प्रात्यक्षिक पाठ पाहत.

या शिक्षकांत ए. एस. हॉर्नबी हा एक इंग्रज होता. १९२४ मध्ये तो क्यूशू बेटावरील ओइता येथे इंग्रजी वाङ्मय शिकविण्यास आला. तेथे त्याला कळले की विद्यार्थ्यांना वाङ्मय नको आहे, त्यांना भाषाच हवी आहे. असा अनुभव आपल्यातील कोणा प्राध्यापकास आला नसेल, असे नाही. तो पामर यांच्या संस्थेकडे वळला, त्यांच्या शब्दसंशोधनात सहभागी झाला, आणि १९३६ मध्ये पामर इंग्लंडला परतल्यावर त्याने संस्थेच्या कामाचा बराच भार उचलला. इ. व्ही. गेटनबी आणि एच. वेकफील्ड या जपानमध्येच शिकविणाऱ्या दोघा सहकाऱ्यांसह त्याने जो कोश केला, त्याने परभाषेच्या शिक्षकाची जुनी उणीव प्रथमच मनापासून भरून काढली.

त्या कोशाचे वैशिष्ट्य एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘त्याने मला धडा समजावून दिला’ याचे भाषांतर करताना आपला विद्यार्थी ‘ही एक्सप्लेन्ड मी द लेसन’ असे लिहितो. ‘त्याने मला पुस्तक दिले’ यातील ‘गेव्ह मी’ त्याने ऐकलेले असते. ‘समजावून दिले’ यातही ‘दिले’ आहेच! जुना कोश त्याला ‘एक्सप्लेन’ म्हणजे समजावणे एवढेच सांगतो, आणि ते खरेच असते. हॉर्नबी यांच्या कोशाने क्रियापदांच्या प्रयोगांचे पंचवीस प्रकार ठरविले, त्यांना क्रमांक दिले आणि प्रत्येक क्रियापदापुढे ते कोणत्या प्रकारात बसते ते छापले. त्याचप्रमाणे नाम मोजता येण्यासारखे आहे की नाही, हेही दाखविले. म्हणजे ‘इन्फर्मेशन्स’ आणि ‘फर्निचर्स’ लिहिणाऱ्या हाताला तेथेच अटकाव झाला. जन्मतः इंग्रजी बोलणाऱ्याला यातले काहीच सांगावे लागत नाही. म्हणून इंग्लंडमध्ये बसून इंग्रजांसाठी कोश करणाऱ्या मोठमोठ्या पंडितांना ते सुचले नाही. जपानी मुलांच्या वह्या वर्षानुवर्षे तपासणाऱ्यालाच ते सुचले.

कोश पुरा होत आला आणि डिसेंबर १९४१ मध्ये जपान व इंग्लंड यांच्यात युद्ध पेटले. हॉर्नबी स्थानबद्ध झाले आणि १९४२ मध्ये त्यांना मायदेशी पाठविण्यात आले. शत्रुभाषेचा हा कोश त्याच वर्षी टोकियोतील काइताकुशा या प्रकाशकाने छापून बाहेर काढला. संस्थेला मात्र आपल्या नावातील ‘इंग्रजी’ हा शब्द काढून टाकावा लागला. युद्धाने या उद्योगाशी आणखी एक खेळ केला. पामर यांच्या सहवासात वाढलेले नागानुमा नाओए या शिक्षकाने त्यांची तत्त्वे उलट दिशेने वापरून परकीयांना जपानी शिकविण्याची वाचनमाला तयार केली होती. अमेरिकेच्या नौदलाने कोलोरॅडोतील बोल्डर येथे आपल्या अधिकाऱ्यांना जपानी शिकविण्यासाठी शाळा काढली, तेव्हा तिच्यात तीच पुस्तके लावली. जपानी मुलांना इंग्रजी यावे म्हणून निघालेला विचार जपानशी लढणाऱ्यांना जपानी शिकवू लागला.

१९४८ मध्ये ऑक्सफर्डच्या मुद्रणालयाने हॉर्नबींचा कोश प्रसिद्ध केला आणि थोड्याच वर्षांत तो जगभर पसरला. आपल्याकडील असंख्य शाळांच्या कपाटांत तो असतो. प्रस्तुत लेखकाने अशा कित्येक प्रती उघडून पाहिल्या आहेत. मधली पाने हाताळून मळलेली. आरंभीची, क्रियापदांच्या प्रकारांची पाने मात्र बहुधा करकरीत. ज्यासाठी हा कोश जन्मला तो भाग वाचावयाचा असतो, असे आपल्या शिक्षकांना कोणी सांगितलेच नाही. पुढील आवृत्त्यांत हे क्रमांकही गेले, संगणकाने निवडलेली उदाहरणे आली, आणि संपादनाचे काम मोठ्या तज्ज्ञमंडळाकडे गेले. ते अधिक चांगले झाले, यात शंका नाही. स्वतः हॉर्नबींनी या कोशाच्या उत्पन्नाचा काही भाग वेगळा काढून १९६१ मध्ये एक न्यास स्थापन केला; त्यातून परदेशांतील इंग्रजीच्या शिक्षकांना पुढील शिक्षणासाठी साहाय्य मिळते. त्यापूर्वी १९४६ मध्ये त्यांनी शिक्षकांसाठी एक नियतकालिकही सुरू केले होते आणि ते अद्याप चालू आहे.

आपल्या देशात या परंपरेचे केंद्र झाले ते हैदराबाद. १९५८ मध्ये तेथे इंग्रजी अध्यापनाची मध्यवर्ती संस्था निघाली. तिचे आरंभीचे संचालक विनायक कृष्ण गोकाक हे कन्नडचे थोर कवी. पण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाचे आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून ते मराठी मुलखाच्याही ओळखीचे होते. भाषा शिकणे म्हणजे काय असते, हे कन्नडमध्ये लिहिणाऱ्या, इंग्रजी शिकविणाऱ्या आणि मराठी मुलखात राहिलेल्या या गृहस्थाहून अधिक कोणाला ठाऊक असणार? संस्थेत प्रशिक्षित झालेले शिक्षक आणि प्रशिक्षक देशाच्या सर्व भागांत गेले. वाक्यरचनांच्या क्रमवार याद्यांवर आधारलेले अभ्यासक्रम राज्याराज्यांत रूढ झाले. १९७२ मध्ये या संस्थेच्या कार्यात इतर परकीय भाषांचा समावेश होऊन तिचे नाव बदलले, आणि पुढे तिचे मध्यवर्ती विद्यापीठ झाले. पासीच्या मंडळाप्रमाणेच येथेही संस्था वाढत गेली तसे तिचे लक्ष शाळेकडून विद्यापीठाकडे सरकत गेले.

याला एक लक्षणीय अपवाद दक्षिणेत घडला. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास आणि कडलूर येथील साध्या शाळांत एक प्रयोग चालविला. वाक्यरचनांची यादी त्यांनी बाजूला ठेवली. मुलांपुढे नकाशा, रेल्वेचे वेळापत्रक किंवा हिशेबाचे एखादे कोडे ठेवावयाचे, आणि त्यातून उत्तर काढण्याच्या खटाटोपात इंग्रजी आपोआप वापरले जाईल, अशी त्यामागील कल्पना होती. फलिताविषयी पुढे मतभेद झाले. प्रयोगाच्या चालकांनी स्वतः घेतलेले वर्ग जितके साधले तितके शाळेतील नेहमीच्या शिक्षकांचे साधले नाहीत, असे एका मूल्यमापनात आढळले. प्रभू यांनी १९८७ मध्ये या साऱ्याचे पुस्तक लिहिले, आणि १९९० मधील एका निबंधात सर्वोत्तम पद्धत म्हणून काही नसते, शिक्षकाला आपण काय करीत आहोत ते मनापासून पटलेले असणे अधिक महत्त्वाचे, असे मत मांडले.

क्लिंगहार्ट यांची वर्गाची हकीकत शतकभर दुर्मिळ राहून गेल्या पंचवीस वर्षांत पुन्हा छापली गेली आहे. टोकियोच्या संस्थेच्या मुखपत्राचेही १९८५ मध्ये जपानमध्ये पुनर्मुद्रण झाले. मराठी शाळांतील इंग्रजीच्या शिक्षकांनी गेल्या दीडशे वर्षांत आपापल्या वह्यांत शब्दांच्या याद्या केल्या, चुकांचे वर्गीकरण केले, कवितांची पद्यात भाषांतरे करून फळ्यावर लिहिली. त्यांतील काही वह्या अजून जुन्या शाळांच्या कपाटांत आणि निवृत्त शिक्षकांच्या घरी असतील. आपल्या सभासदांपैकी ज्यांच्याकडे अशी वही असेल त्यांनी ती रद्दीत न देता अकादमीच्या ग्रंथालयात आणून द्यावी.